फॉर्म भरण्याआधी माणसाजवळ बसा

घरी किंवा निवासी केंद्रात वृद्धांची, अपंगांची काळजी घेणाऱ्या नव्या मदतनिसांना मी शिकवते. पहिल्या दिवशी सगळ्यांना माणसाच्या गरजा नोंदवायचा फॉर्म हवा असतो. मी तो दुपारपर्यंत देत नाही. तोवर एका माणसाजवळ बसायचं आणि त्याला काय काय जमतं ते बघायचं. काय जमत नाही ते घरचे न विचारता सांगतात.

फॉर्ममध्ये रोजची सहा कामं असतात: आंघोळ, कपडे, शौचालयात जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेली ही यादी आजही वापरात आहे. नुसती ‘जमत नाही’वर खूण करू नका, नेमकं कुठे अडतं ते लिहा. ‘कपडे घालता येत नाहीत’ यावरून काहीच कळत नाही. ‘हात बाहीत जातो, बटणं लागत नाहीत’ असं लिहिलंत, तर वेल्क्रोचा सदरा पुरेल की शेजारी माणूस लागेल, हे ठरवता येतं. आणि जे जमतंय ते आपण उरकून टाकायचं नाही, घाई असली तरी. वापर थांबला की उरलेली ताकदही जाते.

कॅट्झ यांच्या निरीक्षणात साधारणपणे आंघोळ आधी सुटते, हाताने जेवणं सगळ्यात शेवटी. त्यामुळे स्वतः आंघोळ करणारा माणूस जेवेनासा झाला, तर कारण शोधा: दात, कवळी, गिळताना त्रास, उदासी. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, अगदी बद्धकोष्ठतेनेही असं होतं. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आता गरजांबद्दल. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांचा माणसाच्या गरजांविषयीचा 1943 चा सिद्धांत प्रशिक्षणात जिन्यासारखा शिकवतात: आधी भूक, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान. हा क्रम पक्का नाही, असं खुद्द मॅस्लो यांनीच लिहिलं होतं. ते वाक्य मात्र तक्त्यातून गळतं. माझ्या देखरेखीखालच्या एक आजी कवळी सापडेपर्यंत जेवायला बाहेर येत नसत. भूक असायची, पण बोळक्या तोंडाने चारचौघांत बसणं त्यांना मंजूर नव्हतं. एक आजोबा आंघोळीला कडाडून विरोध करायचे. फाइलवर ‘हट्टी’ असा शेरा होता. पुरुष मदतनीस दिला आणि भांडण मिटलं. ‘हट्टी’, ‘चिडखोर’ असे शेरे मी खोडायलाच लावते. त्याऐवजी केव्हा, कोणासमोर, कशाला नकार दिला ते लिहा.

‘काय हवंय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नको.’ म्हणून असं विचारा: ‘पूर्वी सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात?’ प्रश्न त्यांनाच विचारा, मुलाकडे बघून ‘आई कशा आहेत?’ असं नको. बोलता येत नसेल तर कूस बदलताना चेहरा बघा, कोणता हात आखडतो ते बघा.

मन कसं आहे हे जोखायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची छोटी चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न, शांत, उत्साही वाटलं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला 0 ते 5 गुण. बेरीज 13 च्या खाली आली तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी. पाचवा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. औषधं वेळेवर, अंथरूण स्वच्छ, आणि दिवसभर छताकडे बघत पडलेला माणूस, असं मी पुष्कळदा बघितलंय.

पडल्यानंतर, रुग्णालयातून परतल्यावर, जोडीदार गेल्यावर जुना फॉर्म पुढे चालवू नका. कोरा घ्या आणि पुन्हा शेजारी बसा.