गेमबॉय, जीबीए, पीएसपी मोबाइलवर: स्क्रीन नीट कशी बसवायची आणि गेम अडकला तर कुठे बघायचं

गणपतीला भाचा आला मुंबईहून, अजून माटवी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायची चालू होती तोवर हा पडवीत फोन घेऊन बसला आणि म्हणतो मामा गेम लॅग मारतोय बघ ना जरा. बघितलं तर एम्युलेटरवर (हातात धरून खेळायच्या जुन्या गेम मशीनची फोनवर नक्कल करणारं ॲप) चाललेला जीबीएचा, म्हणजे गेमबॉय ॲडव्हान्सचा साधा गेम, आणि याने चित्र बोटाएवढं बारीक करून ठेवलेलं, का तर म्हणे मोठं केलं की फोनवर लोड येतो. आणि दुसरीकडे फिल्टर, रिवाइंड, रन-अहेड (काय ते पुढे सांगतो) सगळं चालू. आई मागून ओरडली, अरे डोळे जातले तुझे. आणि आई बरोबर होती, चित्र बारीक करून त्याला काहीच मिळालं नव्हतं.

हा घोळ भरपूर लोकांचा असतो म्हणून लिहितोय. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गेमचं चित्र तयार झाल्यावर ते स्क्रीनभर मोठं करून दाखवणं, हे आजकालच्या कुठल्याही जीपीयूला (फोनमधली चित्र काढणारी चिप) फुकटात पडतं. पण चित्र तयार करतानाच मोठं तयार करणं, किंवा तयार चित्रावर जड फिल्टर चढवणं, याला ताकद लागते. म्हणजे स्क्रीन भरायची की नाही हा दिसण्याचा प्रश्न आहे, स्पीडचा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या सेटिंग्जला हात लावायची गरज उरत नाही.

आधी दिसण्याचं बघू, कारण ते सरळ भागाकाराचं काम आहे. गेमबॉय आणि गेमबॉय कलरची स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेलची. जीबीएची २४० बाय १६०. निन्टेंडो डीएसला दोन स्क्रीन, प्रत्येकी २५६ बाय १९२. पीएसपीची (सोनीचं प्लेस्टेशन पोर्टेबल) ४८० बाय २७२. आता तुमच्या फोनची उंची (आडवा धरल्यावर) या आकड्याने भागा. पूर्ण पट जेवढे बसतात तेवढंच चित्र मोठं केलं तर गेमचा एकेक पिक्सेल सारख्या आकाराचा चौकोन होतो आणि चित्र कसं कोरल्यासारखं दिसतं.

भाच्याचा फोन ७२० बाय १६०० वाला, स्वस्तातले बरेच असेच येतात. ७२० भागिले १४४, बरोब्बर ५. म्हणजे गेमबॉय ५ पटीत वरपासून खालपर्यंत पूर्ण भरतो, ८०० बाय ७२०, आणि डाव्या उजव्या बाजूला ४००-४०० पिक्सेल मोकळे राहतात तिथे टचची बटणं टाका, अंगठे चित्रावर येतच नाहीत. जीबीए ४ पटीत ९६० बाय ६४०, वर खाली ४०-४० ची काळी पट्टी. ती पट्टी बघून लोक कळवळतात आणि फुल स्क्रीन ताणतात, मग ३:२ चं चित्र २०:९ मध्ये जातं आणि हिरो बिचारा जत्रेतल्या आरशात दिसतो तसा आडवा पसरतो. काळी पट्टी राहू द्या हो, दोन मिनिटांनी ती दिसत पण नाही.

पूर्ण पटीत नाही बसवलं तर काय होतं ते जवळून बघायचं असेल तर ३.५ इंची ते स्वस्त चायनीज हँडहेल्ड घ्या, ६४० बाय ४८० स्क्रीनवाले. त्यावर जीबीए रुंदीला भरला की ६४० भागिले २४०, २.६६ येतं. आता पाव-अर्धा पिक्सेल तर स्क्रीनला दाखवता येत नाही, मग ती काय करते, गेमचा पहिला पिक्सेल ३ जागा घेतो, दुसरा ३, तिसरा २, परत ३, ३, २. हिरो उभा असताना लक्षात येत नाही पण तो चालायला लागला, मागचं चित्र सरकलं, की विटांच्या भिंती, कुंपणं, अक्षरं सगळं लाटेसारखं हलतं, जाड बारीक जाड बारीक. भाच्याच्या बारीक चित्रात पण हेच, तो यालाच लॅग म्हणत होता! एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) बघितला तर ६०. गेम मस्त पळत होता, डोळ्यांना फसवणूक होत होती.

इलाज दोन. रेट्रोआर्चमध्ये (बरेच एम्युलेटर एकाच ॲपमध्ये, आतल्या एकेकाला कोअर म्हणतात) सेटिंग्ज, व्हिडिओ, स्केलिंग आणि तिथे इंटीजर स्केल, म्हणजे फक्त पूर्ण पट, चालू. त्या ६४० बाय ४८० वर जीबीए २ पटीत ४८० बाय ३२० होईल, चारी बाजूंनी ८० ची पट्टी, चित्र लहान पण काचेसारखं. ज्यांना एवढं लहान झेपत नाही (माका पण नाय झेपत, चष्मा लागलाय) त्यांनी शार्प-बायलिनियर शेडर (तयार चित्रावर चढवायचा फिल्टर) लावायचा. तो आधी पूर्ण पटीत मोठं करतो आणि उरलेला तुकडा फक्त हलका पुसून जुळवतो, म्हणजे पिक्सेलच्या कडा किंचित मऊ होतात पण लाटा जातात. साधा बायलिनियर लावलात तर सगळंच धुक्यातून बघितल्यासारखं होतं, पावसाळ्यात आंबोलीत गाडी चालवतो तसं. मी शार्प-बायलिनियरवाला आहे, सरळ सांगतो.

एक फसगत इथे होते. इंटीजर स्केल चालू आहे, कालपर्यंत गेमबॉय ५ पटीत होता आणि आज अचानक ४ पट झाला, चारी बाजूंनी पट्ट्या. कारण खालचा नेव्हिगेशन बार किंवा वरची पट्टी परत दिसायला लागली, ७२० मधले काही पिक्सेल गेले, आणि ५ पटीला एक पिक्सेल जरी कमी पडला तरी तो सरळ ४ वर उतरतो. फुल स्क्रीन मोड लावा, येतो परत.

डीएसवाल्यांसाठी, दोन स्क्रीन एकाखाली एक लावून आडव्या फोनवर खेळू नका, उंची अर्धी अर्धी होते. शेजारी शेजारी लावा, ५१२ बाय १९२ होतात, १६०० रुंदीत ३ पट बरोबर बसतात, १५३६ बाय ५७६. कॅमेऱ्याचा भोक एका बाजूला थोडा आत येतो एवढंच. पीएसपीला मात्र या पूर्ण पटीचा एवढा ध्यास घेऊ नका. तिचे बहुतेक गेम थ्रीडी, कडा तिथे तशाही तिरक्या, आणि ७२० मध्ये २७२ चे २ पटच पूर्ण बसतात, मग अर्धी स्क्रीन वाया. १०८० वाल्या फोनवर ४ पट म्हणजे १०८८, फक्त ८ पिक्सेल जास्त! एवढ्यासाठी अडून बसायचं नाही, बसेल तेवढं मोठं लावा, रुंदी-उंचीचं प्रमाण मात्र मूळचं ठेवा.

आता स्पीड. पहिला नियम, मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. एफपीएस दाखवायचा ऑप्शन प्रत्येक एम्युलेटरमध्ये असतो तो चालू करा. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलीसेकंद मिळतात, तेवढ्यात सगळं काम उरकायचं. पण ६० दिसतंय याचा अर्थ निवांत आहे असं नाही, कदाचित १६ मिलीसेकंदात जेमतेम उरकत असेल. म्हणून मी एक करतो, फास्ट फॉरवर्डची मर्यादा काढून टाकतो (रेट्रोआर्चमध्ये फास्ट-फॉरवर्ड रेट ०) आणि गेम सुसाट सोडून बघतो किती एफपीएस जातो. ३०० गेला तर हवा तो शेडर लावा. ७० वर अडकला तर समजायचं फोन दमलाय, अजून एक फिल्टर टाकला की झालं.

भाच्याच्या फोनवर ९० च्या आसपास अडकत होता, जीबीएसाठी हे कमी आहे, मूळ जीबीएचा प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा हो! मग एकेक बंद करत गेलो. रिवाइंड बंद, कारण ते दर थोड्या वेळाने सगळी मेमरी साठवून ठेवतं. रन-अहेड बंद, ते बटणाचा उशीर कमी करायला गेमच्या पुढच्या फ्रेम आधीच चालवून बघतं, म्हणजे काम दुप्पट किंवा त्याहून जास्त. चित्र गुळगुळीत करणारा तो एक्सबीआरझेड फिल्टर काढला. मग परत सोडून बघितला तर आकडा तिपटीच्या वर गेला, आणि चित्र तर मी आधीपेक्षा मोठं केलेलं! भाचा नुसता बघत राहिला.

तरी पण म्हणतो मामा काहीतरी अजून अडखळतंय, दर दोन पावलांनी. मला पण दिसत होतं, एफपीएस ६० स्थिर तरी. दहा मिनिटं डोकं खाजवलं मग पेटलं, फोनची स्क्रीन ९० हर्ट्झवर. परत भागाकारच! ९० भागिले ६०, दीड. स्क्रीन एक फ्रेम एकदा दाखवते, पुढची दोनदा, परत एकदा, दोनदा, चाल लंगडी होते. डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० केलं, गेलं. १२० असेल तरी चालतं, प्रत्येक फ्रेम दोनदा. खरं तर जीबीए पूर्ण ६० पण नाही, ५९.७३ हर्ट्झ आहे, पण तेवढा फरक रेट्रोआर्च आवाज नकळत किंचित ताणून सांभाळून घेतं.

अजून एक खोटा लॅग, काही गेमबॉय आणि जीबीए गेममध्ये सावल्या, धूर, मार बसलेला हिरो लुकलुकतात. ते तसंच बनवलंय. जुन्या स्क्रीन एवढ्या मंद होत्या की एक फ्रेम दिसतो एक दिसत नाही असं केलं की डोळ्याला ते अर्धपारदर्शक वाटायचं. आताच्या स्क्रीन चपळ, म्हणून लुकलुक दिसते. एमजीबीएच्या (जीबीएचा एम्युलेटर) कोअर ऑप्शनमध्ये इंटरफ्रेम ब्लेंडिंग आहे ते लावा. तसंच रंगांचं, २००१ च्या पहिल्या जीबीएच्या स्क्रीनला आतून लाईटच नव्हता, म्हणून गेम बनवणाऱ्यांनी रंग मुद्दाम भडक ठेवले. कलर करेक्शन लावलं की रंग मूळ मशीनवर दिसायचे तसे दिसतात, पण चित्र थोडं काळवंडतं, त्यामुळे घरात लावा आणि खळ्यात उन्हात बसून खेळताना काढून टाका. एलसीडीची जाळी दाखवणारे शेडर आवडत असतील तर निदान ३ पट पाहिजे आणि पूर्ण पटच पाहिजे, नाहीतर जाळीवर भलत्याच वेलबुट्ट्या उमटतात.

पीएसपीमध्ये मात्र खरा लोड असतो, तिथे पीपीएसएसपीपीच्या (पीएसपीचा एम्युलेटर) सेटिंगमध्ये रेंडरिंग रिझोल्यूशन हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. १ पट म्हणजे ४८० बाय २७२, सुमारे १ लाख ३० हजार पिक्सेल. २ पट केलं की दुप्पट नाही, चौपट, ५ लाख २२ हजार. ३ पट केलं की नऊपट. साध्या फोनवर १ किंवा २, पुढे जायचं नाही. टेक्स्चर अपस्केलिंग बंदच ठेवा, ते लोडिंगच्या वेळी दणका देतं. बॅकएंड (जीपीयूशी बोलायची पद्धत) व्हल्कन लावून बघा, नाही जमलं तर ओपनजीएल, एकाच फोनवर एक गेम इकडे चांगला पळतो एक तिकडे, याला नियम नाही, करून बघायचं. फ्रेमस्किप (मधल्या फ्रेम गाळणं) अगदी शेवटी, १ च्या वर नको. आणि एफपीएस ३० दिसला म्हणून घाबरू नका, बरेच पीएसपी गेम मुळातच ३० वर चालायचे, स्पीड १०० टक्के दाखवतोय ना मग बस. बायोसच्या (मूळ मशीनमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) फाइल शोधत पण फिरू नका, पीपीएसएसपीपी आणि एमजीबीए दोन्ही बायोसशिवाय चालतात. गेम मात्र स्वतःच्या कार्ट्रिजचे, स्वतःच्या डिस्कचे काढलेले वापरा.

पहिली दहा मिनिटं झकास आणि मग हळूहळू एफपीएस गळायला लागला तर सेटिंगचा दोष नाही, फोन तापलाय आणि प्रोसेसरने स्वतःचा वेग उतरवलाय. आपल्याकडे मे महिन्यात हे रोजचं. जाड रबरी कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, ब्राइटनेस कमी करा. बॅटरी सेव्हर चालू असेल तरी असंच होतं, तो आधी बघा. आणि लाईट जायचा भरवसा नाही आपल्याकडे, त्यामुळे सेव्ह स्टेटवर (एम्युलेटर त्या क्षणाची स्थिती साठवतो ती) विसंबू नका, गेमच्या आतला सेव्ह पण करत जा. माझा एकदा चाळीस तासांचा गेम अपडेटनंतर स्टेटमधून उघडलाच नाही, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

सगळं जमलं की प्रत्येक मशीनचं सेटिंग वेगळं साठवा, रेट्रोआर्चमध्ये क्विक मेनू, ओव्हरराइड्स, सेव्ह कोअर ओव्हरराइड्स. नाहीतर गेमबॉयसाठी लावलेलं पुढच्या गेमला पण चिकटतं आणि परत मामा हे काय झालं.

गौरी-गणपती गेले तसा भाचा कुडाळहून गाडीत बसला. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तिथे नेटवर्क कुठलं, त्यामुळे मेसेज आला तो पार उक्षी स्टेशनच्या पुढे. मामा जीबीए ४ पट, फोन थंड, बॅटरी ६१ टक्के, आणि शेजारच्या काकांना पण एक गेम पाहिजे, कुठला देऊ?