थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, पहिल्यांदा लागणाऱ्यांसाठी

चाकणला सीएनसी टर्निंगवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, मला सात वर्षं झाली. आयटीआय करून नवी पोरं लाईनवर आली की मी आधी एकच विचारतो, दिवसा झोपायला धड जागा आहे का? पगार, ओव्हरटाईम, बस सगळं विचारून आलेली असतात, एवढंच राहिलेलं असतं. खोलीत दोघं सेकंड शिफ्टचे, म्हणजे दुपारी कामाला जाणारे, असले की सकाळी अकरापर्यंत कुकर आणि मोबाईल चालूच. म्हणून आपल्याच शिफ्टचे पार्टनर बघा, भाडं दोनशे जास्त गेलं तरी चालेल. खिडकीला जाड चादर लावा आणि गावाकडे सांगून ठेवा, दुपारी दोनच्या आत फोन नको.

माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. पहाटेचे चार. जॉबचा, म्हणजे मशिनवर कापायच्या तुकड्याचा, व्यास ५० मायक्रॉन (०.०५ मिमी) जास्त येत होता, म्हणजे ऑफसेटला, मशिनमध्ये माप सुधारायला टाकतात त्या आकड्याला, वजा ०.०५ द्यायचं. मी वजा ०.५ दिलं, पुढचा जॉब मोजलाही नाही. अकरा जॉब रिजेक्ट. सुपरवायझर बोलला ते ठीकच होतं. पण मला धास्ती बसली ती वेगळ्याच गोष्टीची: तो आकडा टाकल्याचं मला आठवतच नव्हतं. उभा होतो, डोळे उघडे होते. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, त्या वेळी असं कुणाचंही होतं. भोपाळची गॅसगळती आणि चेर्नोबिल, दोन्ही मध्यरात्रीनंतरचेच अपघात. कारणं बरीच होती, पण ती वेळ मला विसरता येत नाही.

चहाचं म्हणाल तर रात्री दोनच्या ब्रेकला शेवटचा. त्याचा निम्मा अंमल उतरायलाच पाचेक तास जातात, मग सकाळी पडून नुसतं छताकडे बघत बसायचं. रात्री कँटीनमध्ये भरपेट जेवू नका, ॲसिडिटी तिथूनच सुरू होते.

लागतानाच विचारून घ्या, शिफ्ट कशी फिरते. फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून थर्ड अशी पुढे सरकत गेली तर शरीर लवकर जुळवून घेतं. उलटी फिरली तर आठवडा संपेपर्यंत झोप बसतच नाही. वर्षानुवर्षं थर्ड करणाऱ्यांत शुगर आणि हृदयाचे आजार जास्त दिसतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २००७ मध्ये दिवसरात्रीचं चक्र बिघडवणारी शिफ्ट ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तेच पुन्हा सांगितलं. घाबरवायला नाही सांगत, वर्षातून एकदा शुगर, बीपी तपासा.

थर्ड सुटल्यावर गाडी मात्र चालवू नका. कंपनीची बस अर्धा तास उशिरा पोचवते, पोचवू दे. मी दोनदा स्पीडब्रेकरच्या दणक्याने जागा झालोय, हँडल हातात असताना. तेव्हापासून गाडी खोलीवरच असते, आणि चारनंतर ऑफसेट टाकायचा असला की शेजारच्या मशिनवाल्याला हाक मारतो, ‘बघ रे एकदा.’ तोही मला हाक मारतो.