पाय दुखतोय, घरीच बघू की डॉक्टरला दाखवू?

पायाच्या बाबतीत बहुतेक जणांचा हिशोब ठरलेला असतो, दुखतंय तर काहीतरी झालंय आणि दुखत नाही तर राहू दे. पण हा हिशोब पायाला अर्धाच लागू पडतो, कारण जे अगदी रडवतं ते बऱ्याचदा घरच्या घरी बरं होणारं निघतं आणि पाय गमवायची वेळ आणणाऱ्या गोष्टी कधीकधी अजिबात दुखत नाहीत. म्हणून काही झालं की आधी नीट बघायचं, औषध वगैरे नंतर.

बघायचं म्हणजे चांगल्या उजेडात बसून तळवा, टाच, बोटांच्या मधल्या बेचक्या, नखांच्या कडा सगळं बघायचं. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा नाहीतर मोबाइलने फोटो काढा. दोन्ही पाय शेजारी ठेवून तुलना करा, हाताची मागची बाजू लावून एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार लागतोय का ते बघा. आणि स्वतःला चार प्रश्न विचारा, एकाच पायाला झालंय की दोन्ही, अचानक झालं की हळूहळू, कातडी कुठे फुटलीये का, आणि शुगर आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर खालचे घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि आधी शुगरचा भाग वाचा, खरंच.

सगळ्यात कॉमन तक्रार टाचेची. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ, दहा-बारा पावलं चाललं की जरा बरं, मग बराच वेळ बसून उठलं की परत तेच. हे बहुतेक वेळा प्लांटर फॅशायटिस असतं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जो जाड पट्टा जातो त्याला टाचेपाशी इजा झालेली असते. यात घाबरण्यासारखं काही नाही पण चिवट प्रकार आहे, बहुतेकांना वर्षभराच्या आत आराम पडतो, पण त्यात महिनोन्‌महिने जाऊ शकतात. व्यायाम सोपा आहे, पलंगावरून खाली उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची, तळवा ताणला गेलेला कळला पाहिजे, १० पर्यंत मोजायचं, सोडायचं, असं १० वेळा आणि दिवसातून ३ वेळा. सोबत भिंतीला हात टेकून पोटरीचा स्ट्रेच. घरातसुद्धा मऊ सोलची चप्पल घालायची, कडक फरशीवर अनवाणी फिरणं बंद. दोन दिवस करून फरक नाही म्हणून सोडून देतात लोक, ते करू नका, याला आठवडे लागतात.

एक्स-रे काढला की रिपोर्टमध्ये हाड वाढलंय असं येतं आणि घरात सगळे हवालदिल होतात. ते वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येक लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतं, त्यामुळे त्याच्या मागे लागून ऑपरेशनचा विचार सुरू करायची गरज नसते. इंजेक्शनचंही तसंच, स्टेरॉइडने काही काळ बरं वाटतं पण परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, तो पट्टा तुटूही शकतो, म्हणून पहिल्याच भेटीत मागून घेण्याची ती गोष्ट नाही असं माझं मत.

टाचेसाठी डॉक्टरकडे कधी जायचं? दीड-दोन महिने नेमाने व्यायाम करून काडीचा फरक नसेल तर, पडून राहिल्यावर किंवा रात्रीही ठणकत असेल तर, मुंग्या येत असतील तर. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात दाबली की जीव जात असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, विशेषतः अचानक धावणं-चालणं वाढवलं असेल तेव्हा, आणि ही चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून परत पळायला सुरुवात नको. आणि तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतायत, सकाळी कंबर-पाठ आखडते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, असं असेल तर ते सांध्यांच्या डॉक्टरला (ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला) दाखवण्याचं काम आहे, स्ट्रेचिंग करत बसण्याचं नाही.

आता कातडी. टाचांच्या भेगांना सुगंधी लोशनपेक्षा यूरिया असलेलं क्रीम जास्त काम करतं, साधारण १० ते २५ टक्के यूरिया, रात्री पाय धुवून टिपून थोडे ओलसर असतानाच लावायचं आणि वरून सुती मोजे. प्युमिस दगडाने हलक्या हाताने घासायचं, ब्लेडने कातडी कापायची नाही, कितीही मोह झाला तरी. भेगेतून रक्त येतंय, कडा लाल आणि गरम झाल्यात किंवा तसंच तळहातालाही होतंय तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कारण तो सोरायसिस किंवा एक्झिमाही असू शकतो.

कुरूप आणि चामखीळ यात लोक हमखास गोंधळतात. वरून थेट दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप, दोन बोटांच्या चिमटीत बाजूने दाबल्यावर जास्त दुखलं आणि आत बारीक काळे ठिपके दिसले तर बहुधा चामखीळ. चामखीळ व्हायरसमुळे होते, बऱ्याचदा आपोआप जाते, फक्त वेळ खूप लागतो. कुरूप दाबामुळे होतं, त्यामुळे ते कितीही वेळा काढलं तरी बूट तोच राहिला तर परत येणार, आधी बूट बदला. कुरूपावर चिकटवायच्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं, शुगरवाल्यांनी आणि पायाला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी ते लावायचंच नाही.

चिखल्या म्हणजे बोटांच्या बेचकीत, जास्त करून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, पांढरी भिजल्यासारखी कातडी, खाज, वास. बहुतेक वेळा ही फंगस असते. टर्बिनाफिन क्रीम साधारण एक-दोन आठवडे किंवा क्लोट्रिमाझोल चारेक आठवडे, आणि खाज थांबली म्हणून मधेच सोडायचं नाही. मेडिकलमधून घेताना ट्यूबवरची नावं वाचा, क्लोबेटासोल, बेटामेथासोन असलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, त्याने खाज दोन दिवसात जाते आणि फंगस मात्र आत मजेत पसरते, नंतर डॉक्टरलाही ओळखायला अवघड. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा, आणि एक छोटी गोष्ट, पायाला फंगस असेल तर आधी मोजे घाला आणि मग अंडरवेअर, नाहीतर तीच फंगस जांघेत जाते. चिखल्यांना किरकोळ समजू नका कारण त्या फटीतूनच जंतू आत शिरून अख्खा पाय सुजतो.

नखं सरळ कापायची, कोपरे गोल करून आत खोदायचं नाही, तसं केलं की नख मांसात घुसतं. सुरुवात असेल तर कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवणं आणि पुढून सैल चप्पल एवढ्यावर भागतं, पण पू झाला, कडेला मांस वाढलं तर घरी नेलकटर घेऊन सर्जरी करू नका, डॉक्टर बधिर करून नखाची तेवढी कड काढतात, पटकन होतं. जाड पिवळं नख दर वेळी फंगसच असतं असं नाही म्हणून पोटात घ्यायच्या गोळ्या सुरू करण्याआधी नखाची तपासणी करून घ्या. आणि धीर धरा, पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नवीन यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. नखाखाली काळं दिसलं तर? मार लागून रक्त साकळलं असेल तर तो डाग नखासोबत पुढे सरकतो, दर दोन आठवड्यांनी फोटो काढला की कळतं. पण काळी रेघ मुळापाशीच राहिली, रुंद होतेय, शेजारच्या कातडीवर रंग उतरतोय तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठा, तो मेलानोमा म्हणजे कातडीचा कॅन्सर असू शकतो आणि तो सुरुवातीला दुखत नाही.

पाय मुरगळला की एक्स-रे काढायचा की नाही यासाठी एक चांगला नियम आहे, कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर (खालचे ६ सेंटीमीटर) दाबून दुखतंय का, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखतंय का, आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का. कुठल्याही हाडावर दुखलं किंवा चार पावलं जमत नसतील तर एक्स-रे. नसेल तर बर्फ कपड्यात गुंडाळून, इलॅस्टिक बँडेज, पाय उंच. मालिश आणि ओढून बसवणं पहिले काही दिवस नकोच. पायाला बधिरपणा असेल तर हा नियम धरू नका, थेट दाखवा.

अंगठ्याचं मूळ रात्रीत लालबुंद सुजलं, पांघरूण लागलं तरी सहन होत नाही, हा बहुतेक गाऊट, म्हणजे यूरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार. अ‍ॅटॅकच्या वेळी रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड नॉर्मलही येऊ शकतं, तेवढ्यावरून गाऊट नाही असं ठरवू नका, आणि सोबत ताप असेल तर सांध्यात इन्फेक्शन नाही ना हे त्याच दिवशी बघून घ्या. अंगठ्याशेजारचं हाड हळूहळू बाहेर येतं त्याला इंग्रजीत बनियन (bunion) म्हणतात, त्याला पुढून रुंद बूट, ऑपरेशन फक्त दुखतंय आणि चालणं अडतंय तेव्हा, दिसायला वाईट दिसतं म्हणून नाही.

आता शुगर. जुन्या डायबेटिसमध्ये पायाच्या नसा खराब होतात आणि पाय मुका होतो, बुटात खडा राहिला तरी दिवसभर कळत नाही, तळव्याला जखम होते आणि मोज्याला डाग दिसला की मग घरात समजतं. घरी करता येईल अशी एक टेस्ट आहे, इंग्लंडमधल्या इप्सविचची. माणसाने डोळे मिटून झोपायचं, दुसऱ्याने अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद हलकंसं टेकवायचं, दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत, परत संधी नाही. दोन पायांचे मिळून सहा स्पर्श, त्यातले दोन किंवा जास्त कळले नाहीत तर संवेदना कमी झालीये असं समजून डॉक्टरकडून नीट तपासून घ्या. सगळे कळले तरी वर्षातून एकदा पायाची तपासणी हवीच.

अशा पायाला रोज बघायचं, घरातही अनवाणी चालायचं नाही, बूट घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा, शेकायची पिशवी नको, पाण्याचा गरमपणा पायाने नाही तर कोपराने बघायचा. फोड, जखम, काळा पडलेला भाग काहीही दिसलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं, दुखत नाहीये हे कारण चालणार नाही. आणि एक फसवा प्रकार, एक पाऊल सुजलं, लाल, दुसऱ्यापेक्षा गरम, जखम नाही, फारसं दुखतही नाही. याला चारको फूट म्हणतात, आत हाडं मोडत असतात आणि चालत राहिलं तर पावलाचा आकारच बिघडतो. मुरगळलं असेल म्हणून सोडून दिलं जातं नेमकं हेच. त्या पायावर भार देणं बंद करून लगेच डॉक्टर.

शुगर असो नसो, काही गोष्टींना उद्या म्हणायचं नाही. पाय अचानक गार, पांढरा किंवा निळसर पडला आणि बधिर झाला तर रक्तपुरवठा बंद झालेला असू शकतो, इथे काही तासांचा खेळ असतो, थेट इमर्जन्सी. एकच पोटरी सुजली आणि दुखतेय तर रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळायची नाही, आणि सोबत दम लागत असेल तर अजिबात थांबायचं नाही. लाली पसरतेय आणि ताप आहे तर लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, वेळ लिहा आणि निघा, रेघेच्या बाहेर किती गेली हे डॉक्टरला कामाला येतं. बुटातून खिळा आरपार गेला तर वरून छोटंसं भोक दिसलं तरी आत सोलचे तुकडे राहू शकतात, जखम दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा. दोन्ही पाय सुजतात ते मात्र बऱ्याचदा पायाचं दुखणं नसतंच, हृदय, किडनी, लिव्हर किंवा अ‍ॅम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, हे वयामुळे असेल असं म्हणून सोडतात, ते पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं.

कोणाकडे जायचं? कातडी-नखांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, हाड-सांध्यांसाठी ऑर्थोपेडिक, रक्तपुरवठ्यासाठी व्हॅस्कुलर सर्जन, शुगरच्या जखमेसाठी फुट क्लिनिक किंवा सर्जन, पोडियाट्रिस्ट म्हणजे खास पावलांचा तज्ज्ञ मिळत असेल तर उत्तमच. कळत नसेल तर फॅमिली डॉक्टर, तो पुढे पाठवेल. जाताना रोजचे बूट-चपला सोबत न्या कारण सोल कुठे झिजलाय त्यावरून डॉक्टरला बरंच कळतं, चालू गोळ्यांची यादी आणि जखमेचे तारखेसकट फोटो घ्या, नेलपॉलिश काढून जा, आणि जखमेवर हळद, रंगीत मलम, पावडर काही थापून जाऊ नका, नाहीतर डॉक्टरचा पहिला अर्धा वेळ ते पुसण्यातच जातो.