जुन्या अर्थनवेअरच्या कपबश्या: जमवायच्या कशा, जुळवायच्या कशा

जुना कप हातात घेतला की कुणीतरी सल्ला देतंच: टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला तरच घ्या. हा सल्ला बोन चायनाचा, म्हणजे हाडांची राख घालून केलेल्या पातळ, टणक भांड्यांचा आहे. अर्थनवेअर म्हणजे वर काचेसारखा लेप (झिलई) दिलेली भाजक्या मातीची भांडी. ती साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजतात. तेवढ्या आचेला माती काचेसारखी एकजीव होत नाही, आत बारीक छिद्रं राहतात. त्यामुळे धडधाकट कपही ‘ठक्’ असाच वाजतो. नुसत्या आवाजावरून चांगले कप परत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यामागून ते कप मी घेतले आहेत.

काय जमवायचं ते आधी ठरवा

एक कारखाना, एक नक्षी किंवा एक काळ. हे ठरलं नसेल तर कपाट भरेल, पण संच एकही पुरा होणार नाही.

माती ओळखा

कपाच्या आत टॉर्च धरा. बोन चायनातून उजेड आरपार दिसतो, अर्थनवेअरमधून दिसत नाही. मग कप उलटा करा. अर्थनवेअरला बहुतेकदा बुडालाही झिलई असते आणि भट्टीत ज्या तिपाईवर तो ठेवला होता तिच्या टोकांचे बारीक खरखरीत ठिपके राहिलेले असतात. झिलई झिजून माती उघडी पडली असेल तिथे ओलं बोट टेकवा. पाणी शोषलं जाऊन जागा गडद होते.

बुडाचा छाप वाचा, पण त्यावर भाळू नका

ब्रिटिश भांड्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर ते सहसा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा विसाव्या शतकातलं. १८४२ ते १८८३ या काळात नोंदणी केलेल्या नक्षीला शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असे, १८८४ पासून ‘आरडी’ अक्षरांपुढे क्रमांक आला. इथे हमखास घोटाळा होतो. तो क्रमांक नक्षीची नोंदणी कधी झाली ते सांगतो, कप कधी भाजला ते नाही. छापात एखादं जुनं सन ठळक दिसलं तर ते बहुतेक वेळा कारखान्याच्या स्थापनेचं असतं. वेजवूड या इंग्रज कारखान्याच्या अर्थनवेअरवर मात्र १८६० पासून मातीतच दाबलेली तीन अक्षरं सापडतात: महिना, घडवणारा कारागीर आणि वर्ष. असा पुरावा मिळाला तर छपाईच्या शिक्क्यापेक्षा तो धरा.

जाळं वेगळं, तडा वेगळा

झिलईवर पडलेलं बारीक जाळं हे जुन्या अर्थनवेअरचं नेहमीचं लक्षण आहे. सच्छिद्र माती वर्षानुवर्षं ओल धरून किंचित फुगते, झिलई फुगत नाही, म्हणून ती फुटते. तडा मातीतून जातो. नख फिरवलं की अडकतो आणि बहुतेकदा आतून-बाहेरून एकाच जागी दिसतो. कपाचा कान जिथे चिकटवलेला असतो त्या दोन्ही जागा आधी बघा, डागडुजी तिथेच लपवलेली असते. रंगवलेली दुरुस्ती बोटाला झिलईइतकी गार लागत नाही, आणि अतिनील टॉर्चखाली ती सहसा वेगळी उठून दिसते.

आता खरी मारामारी: बशी जुळवणं

सगळ्यात जास्त डोकेदुखी मला इथेच झाली, आणि सगळ्यात टाकाऊ सल्लेही इथलेच. ‘नक्षीचं नाव बघा आणि मागवा’ हा त्यातला पहिला. विलो नक्षी घ्या, म्हणजे झाडं, पूल आणि पक्षी असलेलं चिनी धाटणीचं निळं चित्र. अठराव्या शतकाच्या शेवटापासून ती कितीतरी कारखान्यांनी छापली. नाव एक, निळा रंग वेगवेगळा, किनार वेगळी, बशीचा खळगा वेगळा. एकाच कारखान्याचं असलं तरी सुटका नाही. स्पोड या इंग्रज कारखान्याची ‘ब्लू इटालियन’ नक्षी १८१६ पासून चालू आहे. इतक्या वर्षांत माती, झिलई आणि छपाई तीच राहील कशी? छपाईची तांब्याची पाटी घासून फिकी उठते, मग पुन्हा कोरतात, रंगाची भट्टी बदलते.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिलं माप, मग पांढरेपणा, आणि नक्षी शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

माप म्हणजे कपाच्या बुडाच्या कड्याचा बाहेरचा व्यास आणि बशीच्या खळग्याचा आतला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. कप खळग्यात अलगद बसून फिरला पाहिजे, एक-दोन मिलिमीटरची मोकळीक पुरे. बशी उचलून थोडी कलती करा. कप सरकून खळग्याच्या काठावर चढत असेल तर ती बशी त्या कपाची नाही, विक्रेता काहीही म्हणो. चहाचा कप, नाश्त्याचा मोठा कप आणि कॉफीचा छोटा कप या तिघांच्या बश्यांवर तीच नक्षी असते आणि दुकानात त्या बिनदिक्कत एकमेकींच्या जागी लावलेल्या असतात. फोटोवरून घेणार असाल तर खळग्यावर मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. बशीचा बाहेरचा व्यास सांगून टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

पांढरेपणा पारखायचा तो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. पिवळ्या दिव्याखाली सगळं सारखंच दिसतं. कप आणि बशी दोन्ही पालथ्या शेजारी ठेवा. बुडाच्या कड्यालगत झिलई साचून जाड होते, तिथला रंग खोटं बोलत नाही. एकीत ती मलईच्या रंगाची आणि दुसरीत निळसर असेल तर झिलईच वेगळी आहे. निळसर झाक कोबाल्टची असते. माती पिवळट दिसू नये म्हणून ते झिलईत घालत.

नक्षी दहापट भिंगाखाली बघा. कोरीव पाटीवरून उतरलेल्या छपाईत रेघा आणि टोचलेले ठिपके दिसतात, आणि नक्षी पाटीवरून आधी कागदावर घेऊन मग भांड्यावर उतरवत, त्या कागदाचे सांधेही कुठेतरी चुकलेले असतात. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते अलीकडचं यांत्रिक स्टिकर आहे. दोन्ही एका संचात घालू नका.

माझं मत ठाम आहे: अगदी जुळत नसेल तर धड वेगळी बशी घ्या. निळ्या नक्षीच्या कपाखाली साधी मलईच्या रंगाची बशी छान दिसते. ‘साधारण तशीच’ निळी बशी मात्र रोज डोळ्यांत खुपते. आणि आधी कप घ्या, बशी नंतर. कान मोडून, कड उडून कप जास्त जातात, सुट्या बश्या मागे उरतात. ताटल्या आणि दुधाचं भांडं जुळवायलाही हेच नियम. ताटल्यांची चळत लावून बघा, एका घडणीच्या असतील तर डुगडुगत नाहीत.

डाग

क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी. ते जाळ्यातून मातीत मुरतं, आत क्षार जमतात आणि काही महिन्यांनी झिलईचे पापुद्रे सुटतात. भांडं आधी साध्या पाण्यात भिजवून, मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये झाकून ठेवा, काही दिवस. नंतर पाणी बदलत भिजवा आणि पूर्ण वाळू द्या. सोनेरी किनार असेल तर हा उद्योगच नको.

वापरायचं की नुसतं मांडायचं

जुन्या झिलईत शिसं असू शकतं. जाळं पडलेली, झिजलेली किंवा झिलईवर भडक रंगवलेली भांडी शोभेला ठेवा, आंबट पदार्थ तर त्यात ठेवूच नका. होमर लाफलिन या अमेरिकी कारखान्याच्या १९३६ सालच्या ‘फिएस्टा’ भांड्यांचा नारिंगी-लाल रंग युरेनियमचा आहे. तो मांडणीपुरताच. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही बंद.

ठेवणं

कप एकात एक रचू नका, कानाने खुंटीला टांगू नका. ताटल्यांमध्ये जाडसर कापड घाला. प्रत्येक कपाच्या बुडाच्या कड्याचं माप आणि छापाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढची बशी समोर येईल तेव्हा कप काही तुमच्याबरोबर नसणार.