जुनी दोन चाकांची घोडागाडी घेताना या चुका टाळा

हौसेखातर किंवा घोडागाडी हाकण्याच्या (ड्रायव्हिंग) स्पर्धेच्या सरावासाठी जुनी घोडागाडी घेताना पुण्यातही ताजा रंग, पितळी दिवे आणि नवी गादी पाहून सौदा ठरवला जातो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाडीला घोडा न जोडता आणि बैठकीवर माणूस न बसवता ती पसंत करणे. चार चाकांची गाडी स्वतःच्या आधारावर उभी राहते. दोन चाकांच्या गाडीचा सारा तोल मात्र एका आसावर असतो आणि तो चुकला की पुढचे वजन घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांतून थेट त्याच्या पाठीवर येते.

म्हणून सपाट जमिनीवर, हाकणारा आणि सोबतचा माणूस आपापल्या जागी बसलेले असताना, खोगिराच्या ठिकाणी दांडे हातात धरून पाहावेत. ते समपातळीत आणि सहज पेलता आले पाहिजेत. जड लागले तर घोड्याची पाठ सोलवटते. वर उचलले जात असतील तर पोटपट्टा ताणला जातो आणि चढावर गाडी मागे कलंडण्याची भीती राहते. रिकाम्या गाडीवर केलेल्या या परीक्षेला काहीच अर्थ नाही. घोड्याची उंचीही येथे महत्त्वाची ठरते, कारण उंच घोड्यासाठी बांधलेली गाडी ठेंगण्या काठियावाडी घोड्याला जोडली की दांडे पुढे झुकतात, वजन पुढे सरकते आणि मूळचा चांगला तोलही बिघडतो. बैठक मागेपुढे सरकवणे किंवा आस आणि कमानपाटे (गाडीच्या स्प्रिंगा) यांच्यामधील ठोकळ्यांची उंची बदलणे हा खरा उपाय आहे; मागे कायमचे वजन बांधल्याने घोड्याचा भार मात्र वाढतो.

चाकांची परीक्षा कोणत्या ऋतूत होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड फुगते आणि सैल आरेही घट्ट भासतात. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या उन्हात तेच लाकूड आकसते, आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या गाभ्यात) खुळखुळतात आणि चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, ढिली पडते. शक्य असेल तर गाडी उन्हाळ्यातच पाहावी. चाक जमिनीपासून उचलून वरून आणि खालून धरून हलवावे, मग फिरवून शेजारी रोवलेल्या काठीशी त्याचे अंतर बदलते का ते पाहावे. चाकावर पाणी ओतून आरे घट्ट करणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. धाव काढून तिचा घेर कमी करणे, ती तापवून पुन्हा चढवणे आणि पाण्याने थंड करणे हे जाणत्या लोहाराचेच काम आहे.

दांड्यांवर नव्या रंगाचा जाड थर किंवा मध्येच ठोकलेली पत्री पट्टी दिसली, तर तेथे जुनी चीर असण्याचा दाट संशय घ्यावा. तडा गेलेला दांडा जोडून वापरू नये, बदलावा. कमानपाट्यांची दोन्ही बाजूंची उंची आणि चाकांमधील पुढचे-मागचे अंतर मोजले की खचलेला पाटा किंवा वाकलेला आस लगेच कळतो.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर प्रथम आस आणि घट्ट झालेले बेअरिंग तपासावे. घोड्याला दोष देण्याची घाई करू नये. छातीपट्ट्याने खांदे घासत असतील तर बहुधा जोत (गाडी ओढण्याचे पट्टे) अडकवण्याची आडवी काठी घट्ट बसवलेली असते. ती मधल्या खिळीवर मोकळी फिरली पाहिजे, म्हणजे प्रत्येक खांद्याला आपली हालचाल मिळते. ड्रायव्हिंग स्पर्धेच्या तीन भागांपैकी शंकूंच्या फेरीत गाडी शंकूंच्या जोड्यांमधून न्यायची असते; तेथे शंकूंमधील अंतर गाडीच्या चाकांच्या रुंदीनुसार ठरते आणि शंकूवरील चेंडू पडला की दंडगुण लागतात, त्यामुळे डगमगणारे चाक तेथे फार नडते.

उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर येऊ नये यासाठी मागचा पट्टा, आणि शक्य तर ब्रेकही, असल्याखेरीज दिवे घाट किंवा कात्रजच्या उताराचा विचारही करू नये. ३७ अंशांहून अधिक तापमानात दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर गाडीला जुंपण्यास ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्याच्या १९६५च्या नियमांनी मनाई आहे, म्हणून उन्हाळ्यातील चाचणी सकाळी घ्यावी. प्रथम माणसांनी गाडी ओढून पाहावी, मग सवयीचा शांत घोडा जोडावा आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर सर्व नट, खिळी व पट्टे पुन्हा तपासावेत.