कवळी घेताय? नुसती आरशात बघून पास करू नका, या चुका टाळा

आईची कवळी आली तेव्हा आम्ही सगळे काय बघत होतो, तर दात किती पांढरे दिसतायत. तिथेच चुकलो. रंग, आकार, उंची हे सगळं बघायची वेळ म्हणजे कवळी पक्की करण्याआधीची ट्रायल, तेव्हा दात मेणात असतात, हलवता येतात, एकदा अ‍ॅक्रिलिक (पक्कं प्लास्टिक) झालं की मोठा बदल म्हणजे जवळपास पुन्हा पहिल्यापासून. आईने ट्रायलला भिडेखातर "छान आहे" म्हटलं आणि घरी आल्यावर बोलताना दात टकटक वाजायला लागले!

वाजतात म्हणजे बहुतेक दातांची उंची जास्त झालीय. तोंड सैल सोडून बसलं की वरच्या-खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिमी फट राहायला हवी. सोपा उपाय सांगतो, ट्रायललाच साठ ते सत्तर आकडे मोठ्याने म्हणायला लावा, सहासष्ट सदुसष्टला दात आपटले तर तिथल्या तिथे बोला. उंची कमी पडली तर उलटं, हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते आणि ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडू शकतात.

मग पकड बघा. वरच्या कवळीचे पुढचे दात बोटाने हळूच बाहेर ढकला, लगेच सुटली तर टाळूकडची मागची कड नीट बसलेली नाही. एका बाजूच्या दाढा दाबल्यावर दुसरी बाजू उचलली तर ती डुगडुगतेय. खालची मात्र वरच्यासारखी चिकटेल ही आशा सोडा, तिला जागाच कमी आणि वर जीभ सारखी ढकलणार. पण नुसता आ केल्यावर ती तरंगत वर येत असेल तर कड लांब असू शकते, ते डॉक्टरांना दाखवा.

टोचतंय म्हणून आठवडाभर डबीत ठेवून मग दवाखान्यात जाणं ही तर घरोघरची चूक, तोवर जखम भरते आणि नेमकं कुठे घासायचं ते कळत नाही. जायच्या आधी काही तास घालून जा. आणि घरी पॉलिश पेपरने घासायचं नाही म्हणजे नाही, आमच्या काकांनी केलं आणि असलेली पकडही गेली. उकळतं पाणी नको, कवळी वाकते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा.

दात काढून लगेच बसवलेली कवळी काही महिन्यांत सैल होते, हाड झिजतं म्हणून, त्यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. अशा वेळी चिकटवायची पेस्ट थापत बसण्यापेक्षा आतून नवीन थर देऊन मिळतो का ते विचारा.