रुपेरी पानांची झाडं गोव्याच्या पावसात कशी टिकवायची

डस्टी मिलर, आर्टेमिसिया, ल्युकोफायलम ही रुपेरी पानांची बहुवर्षायू झाडं नर्सरीत बघताक्षणी आवडतात आणि आपल्याकडे आषाढात कुजतात. ऊन त्यांना सोसतं. सोसत नाही ते मुळाशी साचलेलं पाणी आणि दमट, कोंदट हवा.

विकत घेण्याआधी पान अंगठ्याने हलकेच चोळा. लोकरीसारखं मऊ लागलं तर ती लव आहे. तीच ऊन परतवते आणि पानातलं पाणी राखते. बोटाला पांढुरका थर लागून खालून हिरवं पान दिसलं तर तो मेणाचा लेप असू शकतो. पण पांढरेपणा ठिपक्याठिपक्यांनी, काही पानांवरच असेल तर बहुधा भुरी रोग. ते रोप तिथेच ठेवा.

लावताना नुसती तांबडी माती नको. निम्म्यापर्यंत जाड रेती आणि चिऱ्याची बारीक खडी मिसळा, वाफा वीतभर उंच करा. पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर फवारा मारू नका. शेणखत बेतानेच, जास्त झालं की फांद्या लुसलुशीत होतात आणि चंदेरी रंग हिरवटतो. सावलीतही तेच होतं.

जूनच्या आधी कुंड्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराखालच्या ओट्यावर, उजेडाच्या बाजूला घ्या. वळचणीखाली मात्र अजिबात नको, पागोळ्या थेट कुंडीत पडतात.

समुद्राजवळ घर असेल तर माझं मत सिल्व्हर बटनवूडला. खारा वारा त्याला चालतो, आणि कुंपणासारखं छाटताही येतं.